काजवे बघायला भंडारदऱ्याला जाण्याआधी

मे अखेरच्या शनिवारी नाशिकहून आठ जण, एक कार आणि दोन बाइक, संध्याकाळी निघून काजवे बघायचे, फोटो काढायचे आणि रात्रीच परत, असा तुमचा बेत आहे. यातल्या तीन गोष्टी बदला. शनिवार टाळा, निघायचं ते दुपारीच निघा, आणि रात्री परत न फिरता तिथेच मुक्काम करा.

भंडारदऱ्याचा हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. जिल्हा अहिल्यानगर, पण कारभार नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे. धरणाभोवतीचा रस्ता अरुंद आहे. शनिवार-रविवारी तिथे गाड्या समोरासमोर अडकतात आणि त्यांचे हेडलाइट थेट झाडांवर पडत राहतात. काजव्यांचं नुकसान यानेही होतं. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून जमिनीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात जातं. पंख फुटल्यावर हाती उरतात काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे. तेवढ्यात नराने लुकलुकून मादीला खूण द्यायची आणि गवतात किंवा झुडपावर बसलेल्या मादीने उत्तर द्यायचं. उजेडात ही खूणच दिसत नाही. म्हणजे आपण तासभर लाइट लावून उभे राहिलो, तर त्यांच्या मोजक्या रात्रींतली एक वाया जाते आणि पुढच्या वर्षीच्या अळ्या तेवढ्या कमी होतात.

दिवस निवडताना कॅलेंडरवर तिथी बघा. वद्य पंचमी ते शुद्ध तृतीया हे दिवस उत्तम. वद्य पंचमीनंतर चंद्र रात्री दहाच्या पुढे उगवतो, आणि शुद्ध तृतीयेची कोर लवकर मावळते. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या असतील तर आणखी चांगलं. मोसमी पाऊस धो धो सुरू झाला की काजवे झपाट्याने कमी होतात. जोराचा वारा असेल त्या रात्रीही फारसे दिसत नाहीत.

घोटी-बारीमार्गे धरणाजवळच्या शेंडी गावापर्यंत साधारण ७० किलोमीटर, दोन तास धरा. पेट्रोल घोटीतच भरून घ्या. चार-साडेचारपर्यंत पोहोचलात तर उजेडात झाडं हेरता येतात. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, रतनवाडी या गावांच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर शोधा. जेवण गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवा आणि मुक्कामही तिथेच करा. प्रवेशशुल्क आणि रात्री किती वाजेपर्यंत फिरता येतं, हे वनविभागाच्या नाक्यावर विचारा. नियम हंगामागणिक बदलतात.

आता गाड्यांचं. २०१७ पासूनच्या बाइकचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत बंदच होत नाही. त्यामुळे दोन्ही बाइक गावात लावा आणि चालत जा. बऱ्याच नव्या कारचे पुढचे दिवसाचे दिवेही इंजिनाबरोबर लागतात, आणि रिमोटने लॉक केलं की चारही इंडिकेटर लखलखतात. म्हणून कारही अंधार पडण्याआधी, तोंड परतीच्या दिशेला करून, गावातच लावून लॉक करा. पाणी, जॅकेट, ट्रायपॉड आधीच बाहेर काढा. पुन्हा दार उघडायची वेळ येऊ नये.

चालायला उजेड लागणारच, कारण घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप इथले रहिवासी आहेत. छोट्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बसवा आणि झोत फक्त पावलांपुढे टाका. बंद बूट घाला. रस्त्याची कड सोडून गवतात शिरू नका, कारण माद्या नेमक्या तिथेच असतात. डासांसाठी अंगभर कपडे पुरेत, स्प्रे आणि कॉइल नकोत. वन्यजीवांना अपाय करणारी रसायनं अभयारण्यात वापरायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे. झाड हलवायचं नाही, काजवे बाटलीत धरायचे नाहीत, हे तुमच्यातल्या लहान मुलांनाही निघण्याआधीच समजावून सांगा.

फोटोंबद्दल एक अपेक्षा आधीच ठेवा: झाड प्रकाशाने लगडलेलं दिसतं ते फोटो बहुधा अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही. दिसतं ते वेगळं, आणि माझ्या मते जास्त सुंदर: अख्ख्या झाडावर एका लयीत उजळणं-विझणं. कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर, एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, २० ते ३० सेकंद. फोकस दिवसा लावून मॅन्युअलवर टाका. फ्लॅश आणि फोकसला मदत करणारा छोटा दिवा, दोन्ही बंद. लाँग एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शनही बंद ठेवा, नाहीतर दोन फ्रेममध्ये तेवढाच वेळ जातो आणि रचताना खंड दिसतो. मोबाइलचा स्क्रीन अगदी मंद करा.

साडेसातच्या सुमारास जागेवर उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, आणि कुणी एकदा पांढरा टॉर्च लावला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

गावातल्या घराऐवजी तंबूंच्या ठिकाणी राहायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: रात्री आठनंतर बाहेरचे दिवे बंद करता का, स्पीकर लावता का, आणि शेकोटी करता का. मे महिन्यात गवत वाळून कडक झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. दिवे चालू ठेवतो म्हणाले, तर दुसरीकडे बघा आणि का नको म्हणतोय तेही त्यांना सांगा. गिऱ्हाइकांनी मागितलं तर तेही दिवे घालवतील.