अपूर्ण गर्भपातानंतर (गर्भाचा काही भाग पिशवीतच राहिल्यावर) बाई शॉकमध्ये (शरीराला पुरेसं रक्त न पोचण्याच्या जीवघेण्या अवस्थेत) जातेय हे कसं ओळखायचं, आणि तेव्हा काय करायचं?

नाडी जलद पण क्षीण, अंग गार आणि घामेजलेलं, ओठ पांढरे, बोलण्यात गोंधळ, असं दिसलं की तो शॉक समजा आणि लगेच ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात हलवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार नाडी मिनिटाला ११० किंवा जास्त आणि वरचं बीपी ९०च्या खाली ही धोक्याची खूण. पण बीपीवर विसंबून राहू नका: तरुण, धडधाकट बाईचं बीपी बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, नाडी आधी बोलते. वाहन येईपर्यंत तिला आडवं झोपवून पाय उंच ठेवा, पांघरूण घाला, उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा. पाणी, चहा काहीही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. हॉस्पिटलात दोन जाड सुयांमधून सलाइन (पहिला लिटर साधारण १५-२० मिनिटांत), ऑक्सिजन, रक्तगट तपासून गरजेप्रमाणे रक्त. मात्र नुसत्या सलाइनने भागत नाही. गर्भपिशवीत अडकलेला भाग सक्शनने काढल्याशिवाय रक्तस्राव थांबत नाही. ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर शिरेतून अँटिबायोटिक्सही लगेच लागतात. एक अपवाद: गर्भाचा तुकडा पिशवीच्या तोंडात अडकला असेल तर बीपी पडूनही नाडी मंद असू शकते, आणि तो तुकडा काढताच बाई सावरू लागते. बाहेर रक्त थोडंच, पण पोटात असह्य दुखून चक्कर येत असेल, तर गर्भपिशवीऐवजी बीजवाहक नळीत वाढणारा गर्भ फुटल्याची शंका डॉक्टरांना बोलून दाखवा.