कांडवेलीचा अर्क आणि काचेतले हाड: लांबी मोजण्याआधी

तुम्ही विचारले आहे की, कोंबडीच्या सात दिवसांच्या भ्रूणातील मांडीचे हाड संवर्धन माध्यमात, म्हणजे पेशी जिवंत ठेवणाऱ्या पोषक द्रव्यात, ठेवून त्यावर कांडवेल या औषधी वेलीच्या अर्काचा परिणाम रत्नागिरीतल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहता येईल का, आणि अर्कातल्या हाडाची लांबी अधिक भरली तर कांडवेलीने हाड वाढते असे म्हणता येईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे उत्तर, केवळ लांबीच्या आधारावर, नाही असे आहे, आणि माझा बराचसा मजकूर त्याविषयीच आहे.

ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. हॉनर फेल आणि रॉबर्ट रॉबिसन यांनी 1929 मध्ये दाखवून दिले की, कोंबडीच्या भ्रूणातून वेगळे काढलेले मांडीचे हाड शरीराबाहेरही वाढते आणि हाडात खनिज साठण्याशी संबंध असलेले फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) स्वतः तयार करते. पुढे 1952 मध्ये फेल आणि मेलनबी यांनी अशाच संवर्धनात ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर दिल्यास कूर्चेचे आधारद्रव्य, म्हणजे तिच्या पेशींभोवतीचा पदार्थ, विरघळत जाते हे दाखवले. एखादा पदार्थ हाडावर थेट काम करतो की यकृत, ग्रंथी किंवा रक्त यांच्यामार्फत, हे वेगळे करून पाहण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे.

सात दिवसांच्या भ्रूणाचे मांडीचे हाड खरे पाहता कूर्चेचेच असते. तांदळाच्या दाण्याहून लहान, काचेसारखे अर्धपारदर्शक, दोन्ही टोकांना फुगीर. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यांनी त्यावरचे स्नायू सोलताना हात जड पडला, तर स्नायूंबरोबर कूर्चेभोवतीचे पातळ आवरणही निघून येते. हे आवरण वाढीला लगाम घालत असते, त्यामुळे ते निघालेले हाड उलट जास्त लांबते. म्हणजे केवळ एका बाजूला अधिक ओरबाडल्याने तुम्हाला कांडवेलीचा गुण आल्याचा भास होऊ शकतो. म्हणून एकाच भ्रूणाची डावी आणि उजवी अशी दोन्ही हाडे आधी साफ करून घ्यावीत, त्यांची छायाचित्रे मोजपट्टीसह काढावीत, आणि त्यानंतरच नाणे उडवून अर्क कोणत्या बाजूला द्यायचा ते ठरवावे. दुसरी बाजू ही तुलनेची बाजू. हिशेबात भ्रूण हे एकक धरावे, हाड नव्हे.

तुलनेच्या बाजूलाही काही द्यावे लागते. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर तेवढेच अल्कोहोल तिकडेही गेले पाहिजे. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: कांडवेलीत ‘क’ जीवनसत्त्व असते आणि कोलॅजन नीट तयार होण्यासाठी पेशींना तेच लागते. माध्यमात ‘क’ जीवनसत्त्व कमी पडत असेल, तर कोणताही आंबट पाला गुणकारी ठरेल. दोन्ही बाजूंना ते पुरेसे आणि रोज ताजे घाला, म्हणजे त्यापलीकडे कांडवेलीत काही आहे का हे कळेल.

आता लांबीविषयी. कूर्चेच्या पेशी विभागल्या, त्यांनी आधारद्रव्य टाकले, किंवा त्या नुसत्या फुगल्या, तरी हाड लांबतेच. म्हणून लांबीबरोबर कोरडे वजन घ्या, आणि काही हाडांचे पातळ छेद घेऊन पेशींची मांडणी पाहा. कूर्चेसाठी अल्शियन ब्लू आणि खनिजासाठी अलिझारिन रेड ही रंगद्रव्ये बहुतेक महाविद्यालयांत मिळतात. काचेतल्या हाडात रक्तवाहिन्या शिरत नाहीत, त्यामुळे शरीरात फुगलेल्या कूर्चेची जागा जशी खरे हाड आणि मज्जा घेतात, तसे येथे होत नाही. तुमचा प्रयोग कूर्चेच्या वाढीविषयी बोलेल. मोडलेले हाड सांधण्याविषयी, ज्यासाठी आपल्याकडे कांडवेल बांधतात, त्याविषयी तो काही सांगणार नाही. प्रबंधाच्या शीर्षकातच हे स्पष्ट असावे असे मला मनापासून वाटते.

कोकणातल्या हवेच्या काही अडचणी पुस्तकांत सापडत नाहीत. कोंबडीचा भ्रूण साधारण 20–21 अंश सेल्सिअसच्या वर हळूहळू वाढू लागतो. मे महिन्यात टोपलीत दोन दिवस पडलेले गावठी अंडे म्हणूनच तुमच्या मोजणीच्या पुढे गेलेले असते. अंडी आणल्याबरोबर थंड जागी ठेवा आणि दिवस न मोजता भ्रूणाचे पाय आणि चोच पाहून हॅम्बर्गर–हॅमिल्टन टप्पा, म्हणजे बाह्य रूपावरून ओळखायची भ्रूणवाढीची पायरी, ठरवा. पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते म्हणून इन्क्युबेटरमध्ये पाण्याचे ताट ठेवले नाही, असेही मी पाहिले आहे. 27 अंशांची संपृक्त हवा 37 अंशांवर तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्याही खाली येते. माध्यम आटते, क्षार दाट होतात आणि पेशी आकसतात.

मी शिकवत असलेल्या महाविद्यालयात एका जुलैमध्ये रात्री लाईट गेली ती सकाळीच आली. इन्क्युबेटरचे दार उघडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही आणि उरलीसुरली ऊब गेली. शिवाय दमट झालेल्या कापसाच्या बोळ्यांतून बुरशी शिरली आणि निम्म्या बश्या तिसऱ्या दिवशी पांढऱ्या धाग्यांनी भरल्या. उरलेल्या हाडांची एकूण वाढ निरुपयोगी ठरली. जोडीतल्या दोन्ही बाजूंना तीच थंडी लागली होती, म्हणून त्यांच्यातला फरक मात्र वापरता आला. बोळ्यांऐवजी झाकणाच्या निर्जंतुक बश्या वापरा, आणि शक्य असेल तर मुख्य मालिका दिवाळीनंतर लावा.

त्याआधी, महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीला विचारून, दहा भ्रूणांची एक फेरी अर्काशिवाय करा. डावे आणि उजवे, दोन्ही साध्या माध्यमात. कोणताही पदार्थ न देता दोन्ही बाजूंच्या वाढीत जो फरक दिसेल, तो तुमच्या हाताचा आणि उपकरणांचा फरक असेल, आणि अर्काच्या फेरीसाठी किती अंडी लागतील हे त्याच आकड्यावरून काढता येईल.