‘अनिश्चितता’ की ‘अनिर्धार्यता’?

प्रश्न असा होता की भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या तत्त्वाला (इलेक्ट्रॉनसारख्या कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी हवे तितके काटेकोर नसतात, हे ते) शाळा-कॉलेजात सगळे अनिश्चिततेचं तत्त्व म्हणतात, पण एका लेखात ‘अनिर्धार्यता’ वाचलं, तर दोन्ही एकच का, आणि बरोबर कुठलं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, अनिश्चितताच ठेवा. आता का ते जरा लांबण लावून सांगतो कारण घोळ मराठीतला नाहीये, मुळातच आहे.

हायझेनबर्गने १९२७ साली कोपनहेगनला असताना हा पेपर लिहिला, जर्मनमध्ये. त्यात एक शब्द येतो उनगेनाउइगकाइट, म्हणजे काटेकोरपणा नसणं. दुसरा उनबेश्टिम्टहाइट, म्हणजे ठरलेलं नसणं. आणि अगदी शेवटी मागाहून जोडलेल्या पुरवणीत तिसरा येतो, उनझिशरहाइट, म्हणजे खात्री नसणं. १९३० मध्ये त्याची शिकागोतली व्याख्यानं इंग्रजीत आली आणि ‘अनसर्टन्टी’ रूढ झाला, म्हणजे नेमका तिसऱ्याचाच भाऊ! जर्मन लोक स्वतः आज बहुतेक वेळा चौथंच काहीतरी म्हणतात, उनशेर्फे, म्हणजे फोटो काढताना हात हलला की जे होतं ते.

आता खात्री नसणं ही माझी अवस्था झाली आणि ठरलेलं नसणं ही त्या गोष्टीची. परीक्षेची तारीख बोर्डावर लागलीय पण पोराने बघितलीच नाही, तर तो म्हणतो “मला नक्की माहीत नाही”. आणि मावशीला फोन करून विचारलं की ताईच्या लग्नाची तारीख काय, तर ती म्हणते “अजून निश्चित नाही रे”. इथे मावशीला माहिती कमी नाहीये, तारीख कुठल्या कपाटात लपलेली नाहीये, ती अजून ठरलेलीच नाही. इलेक्ट्रॉनचं प्रकरण या मावशीसारखं आहे, पोरासारखं नाही. (भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमच्या १९५२ च्या मांडणीवाले इथे हात वर करतील, त्यात कणाला कायम ठरलेली जागा असते, पण तो वेगळा धागा.)

म्हणूनच मला वाटतं मराठीचं नशीब चांगलं. निश्चित म्हणजे ठरलेलं, अनिश्चित म्हणजे न ठरलेलं, शब्दाच्या घडणीतच ते आहे. अनिर्धार्य मात्र असाध्य, अभेद्य यांच्या पंगतीतला. असाध्य आजार म्हणजे बरा *करता न येणारा*, अभेद्य किल्ला म्हणजे भेदता न येणारा, म्हणजे मागे कोणीतरी प्रयत्न करणारा उभा आहे आणि त्याला जमत नाहीये. तसं अनिर्धार्य म्हटलं की वाटतं जागा आहे हो कुठेतरी, बिचाऱ्या शास्त्रज्ञाला ठरवता येत नाही एवढंच. म्हणजे जो अर्थ टाळायला हा भारदस्त शब्द आणला तोच मागच्या दाराने आत. फार तर ‘अनिर्धारितता’ म्हणा, पण मग बोलून दाखवा एका दमात.

“मोजायला गेलं की धक्का लागतो म्हणून कळत नाही” हे जे आपण सगळे शिकलो (मीही बीएस्सीला हेच घोकलं) ते हायझेनबर्गच्याच गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकावरून आलंय, म्हणजे गॅमा किरणांनी इलेक्ट्रॉन बघायला गेलं तर काय होईल या कल्पनेतल्या प्रयोगावरून. गंमत म्हणजे १९२३ मध्ये म्युनिकला पीएचडीच्या तोंडी परीक्षेत परीक्षक वीनने त्याला सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (किती जवळचे दोन बिंदू वेगळे दिसतात ते) विचारली होती आणि ती त्याला सांगता आली नव्हती, कसाबसा पास झाला, आणि चार वर्षांनी त्याच्या या उदाहरणात कोपनहेगनच्या नील्स बोरने चूक काढली ती परत सूक्ष्मदर्शकाचीच. मघाशी म्हटलेली पुरवणी त्यासाठीच जोडलेली.

पण नुसत्या धक्क्याने भागत नाही. हेलियम घ्या. साध्या दाबाला कितीही थंड करा, गोठत नाही, द्रवच राहतो, घन करायला साधारण २५ पट वातावरणाचा दाब लागतो. तिथे कोणी सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेलं नाही. अणू एका जागी ठाम बसवायला गेलं की त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) पसरतो, हेलियमचे अणू हलके आणि एकमेकांना धरून ठेवण्यात कच्चे, त्यामुळे ते जागेवर टिकतच नाहीत. आपल्याला माहिती कमी आहे म्हणून हेलियम गोठायचं थांबेल का?

आकडेही बघा. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात कोंडला तर वेगातली अनिश्चितता कमीत कमी सेकंदाला ५८० किलोमीटर. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा बॉल एक मिलिमीटरपर्यंत पकडला तर तीच अनिश्चितता मीटर प्रति सेकंदात दशांशचिन्हानंतर तीस शून्यं आणि मग ३. म्हणून अंपायरला हे कारण देता येत नाही.

राहता राहिलं हे की मुळात ‘जागा’, ‘वेग’ हे शब्दच आपल्या बॉल-दगडांच्या दुनियेतले, ते इलेक्ट्रॉनला लावायचे तरी कशाला? बोरचं म्हणणं असायचं की प्रयोगात काय केलं आणि काय दिसलं हे एकमेकांना सांगायला रोजचीच भाषा लागते, दुसरी आणणार कुठून. हायझेनबर्गच्या आठवणींत एक प्रसंग आहे, डोंगरातल्या झोपडीत सगळे स्कीइंगला गेलेले, जेवणानंतर भांडी घासायची पाळी बोरवर, आणि तो म्हणतो की भाषेचंही असंच आहे, पाणी खरकटं, फडकं मळकं, तरी ताटल्या स्वच्छ निघतात.

तेव्हा लिहिताना एवढं करा, “इलेक्ट्रॉनची जागा अनिश्चित असते” लिहा, “जागा निश्चितपणे सांगता येत नाही” असं लिहू नका. शब्द तोच आहे, पण दुसऱ्या वाक्यात मावशीचं परत पोर झालं.