विचारा बिनधास्त : थंडी, रस्ते आणि गावची कामं

या वेळी पत्रांमध्ये थंडीचाच विषय जास्त आलाय, आणि तोही जिथे रात्री पारा शून्याच्या खाली जातो, बर्फ पडतो अशा छोट्या गावांचा. माझी नोकरी रस्ते आणि पाणीपुरवठ्याच्या कामांवरच गेली, त्यामुळे संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : आमच्या गावात रस्त्याचा एकच पट्टा दरवर्षी थंडी संपता संपता उखडतो. खडी-डांबर टाकतात, पंधरा दिवसांत परत खड्डा. माल खराब की काम करणारे कामचोर?

दोन्ही असू शकतं, पण आधी त्या पट्ट्याच्या कडेला जाऊन बघा, मी पैजेवर सांगतो की तिथलं गटार बुजलेलं असणार किंवा साइडपट्टी गवत-मातीने रस्त्यापेक्षा उंच झालेली असणार. म्हणजे पाण्याला जायला जागाच नाही. मग ते बारीक भेगांतून खाली मुरतं, रात्री गोठतं, आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. डांबर खालून उचललं जातं, दिवसा बर्फ वितळला की तिथे पोकळी राहते, वरून चाक गेलं की झालं, खपली निघते. सलग कडक थंडी रस्त्याला एवढी छळत नाही, दिवसा वितळतंय न् रात्री गोठतंय हा खेळ जास्त वाईट. आणि सगळ्यात नाजूक काळ म्हणजे थंडी उतरताना, तेव्हा वरचा थर वितळलेला पण खालची जमीन अजून गोठलेली, पाणी मधल्यामध्ये परातीत साचावं तसं अडकतं. त्यात जड ट्रक आला तर रस्ता अक्षरशः दबतो. बऱ्याच थंड देशांत त्या काही आठवड्यांत जड वाहनांवर वजनाची बंधनं असतात ती यामुळेच.

एकदा मीच फसलोय. एका उतारावर सलग दोन वर्षं पॅच मारले, तिसऱ्या वर्षी वैतागून रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीत बॅटरी मारून पाहिलं तर आत पानांचा काळा लगदा, त्यात एक फाटकी गोणी आणि कुणाची तरी चप्पल. दोन माणसांनी अर्ध्या दिवसात मोरी मोकळी केली आणि पुढच्या थंडीत तो पट्टा जागचा हलला नाही. दोन वर्षांचं डांबर पाण्यात गेलं ते गेलंच.

तर क्रम असा ठेवा की पानगळ झाली की मोऱ्यांची तोंडं आणि गटारं साफ करायची, साइडपट्टी खरवडून रस्त्यापेक्षा खाली आणायची, भेगा भरून घ्यायच्या, आणि हे सगळं बर्फ पडायच्या आधी, नाहीतर बैल गेला न् झोपा केला. भर थंडीत खड्डा पडलाच तर गरम डांबराचा माल रोलर फिरेपर्यंत गार होतो, नीट दबतच नाही, म्हणून कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता टाकता येणारा खडी-डांबराचा तयार माल, वापरतात. पण तेही पाणी भरलेल्या खड्ड्यात फावड्याने फेकून निघून जायचं नाही. पाणी, बर्फ, सुटी खडी बाहेर काढा, कडा पक्क्या डांबरापर्यंत सरळ कापा, थराथराने भरून धुम्मस मारा, किंचित उंच ठेवा. आणि हे तात्पुरतं आहे हे वहीत लिहून ठेवा, ऊन पडलं की पक्कं काम करायचंच.

प्रश्न : रस्त्यावर बर्फाची काच होते, पोत्यांनी मीठ टाकतो तरी काही रात्री वितळतच नाही. मीठ बनावट आहे का?

नाही हो, मीठ बरोबर आहे, रात्र चुकीची आहे. कोरडं मीठ काही करत नाही, त्याचं खारं पाणी व्हावं लागतं, आणि उणे ९-१० अंशाच्या खाली ते इतकं सावकाश होतं की उपयोग नाही. कागदावर मिठाचं पाणी उणे २१ पर्यंत द्रव राहतं, पण त्यासाठी मिठाचं प्रमाण २३ टक्के लागतं, रस्त्यावर ते कुठून राहणार. जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड चालतं, नाहीतर सरळ वाळू टाका. वाळू काही वितळवत नाही, फक्त पकड देते, आणि नंतर झाडून उचलली नाही तर तीच गटारात जाऊन बसते, म्हणजे परत पहिला प्रश्न!

खरी काटकसर म्हणजे बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी फवारणं, मग बर्फ रस्त्याला चिकटतच नाही, लगेच ढकलता येतो. सुरुवात पुलांपासून करा, पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते म्हणून तो आधी गोठतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यावर मिठाचा प्रयोग केला होता, म्हणजे युक्ती जुनीच आहे, आणि तिचे दुष्परिणामही आता सगळ्यांना माहीत आहेत, गाड्यांचे पत्रे गंजतात, पुलातल्या सळ्या गंजतात, कडेची झाडं जळतात, विहिरीचं पाणी खारट होतं. म्हणून विहिरीजवळ हात आखडता घ्या.

प्रश्न : सार्वजनिक नळाचा पाइप नेमका थंडीतच का फुटतो?

बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब वाढतो, पाइप फुटतो, बऱ्याचदा जिथे गोठला तिथे नाही तर पुढेच. उघड्यावरचा नळ थंडीपुरता मागच्या व्हॉल्व्हने बंद करून पाइप रिकामा करा. हा व्हॉल्व्ह वर्षातून एकदा तरी फिरवत जा, नाहीतर ऐन वेळी जाम.

प्रश्न : मी फाटकासमोरचा बर्फ काढतो आणि लगेच गावची बर्फ ढकलायची गाडी येऊन तिथेच ढीग लावून जाते. मुद्दाम करतात?

असं मलाही कितीदा वाटलंय! पण पातं बर्फ कडेलाच ढकलणार, ड्रायव्हर दर फाटकापाशी ते उचलू शकत नाही. गाडी ज्या दिशेने येते त्या बाजूला फाटकाच्या अलीकडे रस्त्याकडेचा थोडा बर्फ काढून खळगा करून ठेवा, पात्यावरचा ढीग आधी तिथे रिकामा होतो, तुमच्या दारात कमी पडतो. आणि काढलेला बर्फ परत रस्त्यावर फेकू नका, ड्रायव्हर लोकही आपल्याबद्दल हीच तक्रार करतात.