‘किलोवॅटला काय भाव?’ : घरावरच्या सोलरविषयी प्रश्नोत्तरे

उन्हाळा तोंडावर आला की सोलरच्या चौकशा वाढतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या प्रश्नांमधला गोंधळ मात्र तोच असतो: अनुदान कुणाच्या खात्यात येतं, भावात इतका फरक का, लाइट गेल्यावर काय. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

तीन किलोवॅटला एकूण किती खर्च येतो आणि सरकार किती देतं? (चाळीसगाव)

देशी बनावटीचे पॅनल आणि ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेली सिस्टिम धरली तर साधारण पावणेदोन ते दोन लाख रुपये. गच्ची वापरायला मोकळी राहावी म्हणून उंच स्ट्रक्चर (पॅनल धरणारा लोखंडी सांगाडा) घेतलं, तर वीस-पंचवीस हजार वर. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये मिळतात. त्यापुढे पाच बसवा नाहीतर दहा, अनुदान ७८,०००च. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर परत पाठवा. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असेल तर राज्याची ‘स्मार्ट’ योजना वेगळी आहे, तिची पात्रता महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या.

बिल आजोबांच्या नावावर आहे, ते वारले. अर्ज मी केला तर चालेल का? (पारोळा)

नाही, आधी जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि थकबाकी भरा, मगच अर्ज.

विक्रेता म्हणतो, अनुदान वजा करून पैसे द्या, बाकीचं आम्ही बघतो. (चोपडा)

अनुदान सिस्टिम चालू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होतं. विक्रेत्याने मध्ये हात घालायचं काही कारण नाही. ओटीपी, कोरा चेक, पासबुक यातलं काहीही त्याच्या हाती देऊ नका. तो योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे तुम्हीच पाहा. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागल्यावरच. कर्ज घ्यायचं असेल तर सरकारी बँकेच्या शाखेत जाऊन बोला. मोबाइलवर ‘मोफत सोलर’ म्हणून येणाऱ्या लिंक उघडूसुद्धा नका.

तीन किलोवॅटची दोन कोटेशन आली आहेत, एक १,५८,००० चं, दुसरं २,०५,००० चं. पॅनल दोन्हीकडे एकाच कंपनीचे. मग स्वस्त घ्यायला काय हरकत? (अमळनेर)

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चुकीची निवड झाली की तिची किंमत दोन-तीन उन्हाळ्यांनी कळते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅनल सारखे असतील तर ४७ हजारांचा फरक पॅनलच्या खाली आणि मागे आहे. पहिली काटछाट होते ती स्ट्रक्चरमध्ये. ५४० वॅटचे सहा पॅनल मिळून साधारण १६५ चौरस फूट क्षेत्र होतं, म्हणजे तेवढा पत्रा तुम्ही वाऱ्यासमोर तिरका धरून ठेवता. मे-जूनच्या ज्या वादळात रावेर-यावलकडे केळीचे बाग आडवे होतात, तेच वादळ तुमच्या गच्चीवरूनही जातं. स्ट्रक्चर गरम जस्ताच्या टाकीत बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलं, ८० मायक्रॉन थराचं हवं. स्वस्तात मिळतो तो साधा पाइप, चंदेरी रंग मारलेला. वेल्डिंगच्या जागी नख घासून पाहा, खाली तांबूस दिसलं तर तो रंग आहे, जस्त नाही. पापड-कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात निजायला गच्ची मोकळी हवी म्हणून आपल्याकडे सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर मागतात. मागा, पण जेवढी उंची तेवढा वाऱ्याचा जोर. तिरप्या आधारपट्ट्या नसतील तर ते घेऊ नका. पायाच्या प्लेटा स्लॅबमध्ये नुसते बोल्ट ठोकून बसवल्या की पहिल्याच पावसाळ्यात तिथून गळती लागते. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) आणि वर काँक्रीटचा ठोकळा हवा. जुना स्लॅब असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

दुसरी काटछाट अर्थिंगची. ती जमिनीखाली असते, म्हणून कुणी विचारत नाही. तीन वेगळे अर्थिंग लागतात: डीसी बाजूला (पॅनलकडे) एक, एसी बाजूला (घराकडे) एक आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या वीज-अटकावासाठी एक. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा उतरवल्या तर त्या विजेचा झटका इन्व्हर्टरपर्यंत (पॅनलच्या डीसी विजेची घरातली एसी करणाऱ्या पेटीपर्यंत) पोचायची वाट तुम्हीच करून दिली. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते, आणि पावसाळ्यात तीन ओहम दाखवणारं अर्थिंग मे महिन्यात कामाचं राहत नाही. रॉडभोवती बेंटोनाइटसारखी ओल धरणारी पूड भरून घ्या. रीडिंग पाच ओहमच्या आत आहे का (जितकं कमी तितकं चांगलं), हे मीटर लावून समोर दाखवायला सांगा, आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा. खाली खडक असेल तर एका रॉडने भागत नाही, दोन-तीन रॉड जोडावे लागतात.

तिसरी गोष्ट वायर. छतावर चार चौरस मिलिमीटरची, ऊन सोसणारी, कथिल चढवलेल्या तांब्याची डीसी सोलर केबल हवी. घरगुती वायरीचं आवरण आपल्या उन्हात काही वर्षांत तडकतं. जोड एमसी-४ या सोलरच्या खास कनेक्टरचा, तोही त्याच्याच अवजाराने दाबलेला. पक्कडीने पिळलेला जोड सैल राहतो, तापतो आणि पेट घेतो. डीसीची ठिणगी एकदा धरली की सहजासहजी विझत नाही. इन्व्हर्टरआधीच्या डीसी पेटीत फ्यूज आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) आहेत का, हे पेटी उघडून पाहा.

तेव्हा दोघांनाही सांगा, कोटेशन फोडून द्या: पॅनलचं मॉडेल, ते डीसीआर म्हणजे सेलसकट देशी बनावटीचे आहेत का, इन्व्हर्टरची क्षमता, स्ट्रक्चरची जाडी, अर्थिंग किती, केबल कोणती, पाच वर्षांची देखभाल. डीसीआर पॅनल नसतील तर अनुदान मिळत नाही. जो लिहून देत नाही, त्याचा भाव कितीही कमी असो, सोडून द्या. आणि सही करण्याआधी तो कागद परवानाधारक विद्युत ठेकेदाराला दाखवा. त्याची फी या फरकापुढे काहीच नाही.

आमच्याकडे पारा ४५ वर जातो. म्हणजे सोलरची वीजही जास्त होणार ना? (भुसावळ)

नाही. पॅनल उजेडावर चालतो, उष्णतेने उलट मंदावतो. त्याची क्षमता सेलचं तापमान २५ अंश धरून सांगितलेली असते. मे महिन्याच्या दुपारी सेल ७० अंशांपर्यंत जातो, आणि वाढत्या प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.३५ टक्के उत्पादन घटतं. ४५ अंशांच्या फरकात ही घट १३ ते १६ टक्क्यांची झाली. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळला पाहिजे. वर्षाची सरासरी एका किलोवॅटला रोज चार युनिट धरा. सहा सांगणारा विक्रेता खोटं बोलतो आहे.

धाब्याचं घर आहे. वर बसतील का? (शिंदखेडा)

मातीच्या धाब्यावर नाही. सहा पॅनल, स्ट्रक्चर आणि काँक्रीटचे ठोकळे मिळून वजन कित्येक क्विंटल होतं. बोल्ट धरायला तिथे काही नसतं, आणि माती उकरली की पाणी लाकडी सऱ्यांपर्यंत जातं. अंगणात किंवा वाड्यात सावली नसलेली जागा असेल, तर जमिनीतून खांब उभे करून करता येतं. जागा इंजिनिअरला दाखवूनच ठरवा.

लाइट गेली तर सोलरवर घर चालेल का? (शहादा)

ग्रिडला जोडलेल्या साध्या सिस्टिमवर चालणार नाही. पुरवठा गेला की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत तुमची वीज उतरेल. लाइट वारंवार जात असेल तर हायब्रीड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा, आणि बॅटरीला हे अनुदान नाही. पंखे-दिव्यांपुरतं हवं असेल तर घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर राहू द्या.

पॅनल लागून दोन महिने झाले, नेट मीटर नाही. विक्रेता म्हणतो, तोवर चालू करून टाका. (धरणगाव)

अजिबात करू नका. बरेच साधे मीटर बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणूनच मोजतात. छतावर वीज तयार होईल आणि बिल वाढेल. शिवाय ही जोडणी विनापरवाना ठरते. अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकला आहे, हे पोर्टलवर स्वतः बघा. बहुतेक वेळा विक्रेत्याने कागदच अर्धवट भरलेले असतात. क्रमांक घेऊन उपविभागीय कार्यालयात जा आणि लेखी विचारा.

शेतातल्या सौर कृषिपंपाचे पॅनल घराला जोडले तर? (साक्री)

नाही, ती योजना पंपापुरती आहे आणि पंपाचा कंट्रोलर घराला वीज देण्यासाठी नाही.

पॅनल आणखी स्वस्त होतील म्हणतात. थांबू का? (एरंडोल)

‘म्हणतात’वर थांबू नका. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पॅनल दहा हजारांनी उतरले आणि अनुदान हातचं गेलं, तर तोटा तुमचाच. मात्र घाईत मोठी सिस्टिमही घेऊ नका. मागच्या बारा बिलांतले युनिट जोडा आणि बेरजेला १,४०० ने भागा. येईल तो आकडा साधारण तुम्हाला लागणारे किलोवॅट. वर्षाला २,८०० युनिट असतील तर दोन किलोवॅट पुरे. स्थिर आकार तरीही भरावाच लागतो, बिल शून्य होईल असं धरू नका. वापर महिन्याला ७०-८० युनिट असेल तर स्वस्त टप्प्यातलीच वीज वाचते, पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. तुम्ही आधी ‘स्मार्ट’ योजनेत बसता का ते विचारा. एसी किंवा विजेची गाडी घ्यायचा विचार असेल, तर तेवढे युनिट बेरजेत धरून मगच क्षमता सांगा.