पोहोचायची तारीख

पोरी,

फोनवर सांगितलं तर "हो काका, बरं काका" म्हणून ठेवून देशील आणि पहाटे पाचला गाडी बाहेर काढशील. म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

मघाशी फोनवर चिडून म्हणालीस, "शायनमध्ये लख्ख ऊन आहे, आभाळ निळंशार आहे, तरी आय-८० हायवे बंद ठेवलाय. काय चाललंय काय यांचं?" तू अडकलीस ते शायन वायोमिंग राज्यातलं, आणि वायोमिंगमध्ये रस्ता बंद व्हायला वरून बर्फ पडावा लागत नाही गं. आधी पडलेला बर्फ माळावर सुटा, कोरडा, रव्यासारखा पडून असतो. पश्चिमेचा वारा तो उचलतो आणि जमिनीलगत आडवा पळवतो. वर निळं आकाश, आणि समोर स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. याला ग्राउंड ब्लिझर्ड म्हणतात. पुढे रस्त्याकडेला लांबच लांब उंच लाकडी कुंपणं दिसतील. ती गुरांसाठी नाहीत, उडत येणारा बर्फ रस्त्याच्या अलीकडेच अडवायला उभी केली आहेत.

शायनच्या पुढे लागणाऱ्या लॅरमीच्या पश्चिमेचा तुकडा तर मुळातच चुकीच्या जागी आहे. जुना हायवे ३० उत्तरेकडून, मेडिसिन बोवरून वळसा घालून जायचा. नवा रस्ता काढणाऱ्यांनी काही मैल वाचवायला तो एल्क माउंटनजवळून नेला. तिथे हिवाळे काढलेल्या लोकांनी आधीच बजावलं होतं की इथून नेऊ नका. ऑक्टोबर १९७० मध्ये रस्ता सुरू झाला आणि काही दिवसांतच बर्फाने बंद पडला. तेव्हापासून दर हिवाळ्यात पडतोय. तेव्हा रस्त्यावर फाटक लावणाऱ्या माणसावर चिडू नकोस. तुझ्यापेक्षा त्याला तो वारा जास्त कळतो.

पण तुझी अडचण रस्त्याची नाहीच. वीस मिनिटांच्या फोनमध्ये तू चार वेळा म्हणालीस, "पण काका, सोमवारी जॉइनिंग आहे." मॅनेजरला सोमवार सांगितलास. अपार्टमेंटच्या ऑफिसला किल्लीसाठी रविवार सांगितलास. आईला सांगितलंस की रविवारी रात्री नव्या घरातून व्हिडिओ कॉल करते. हिवाळ्यात गाडीने घर हलवताना पोहोचायची तारीख कुणालाही द्यायची नसते. कुणालाही नाही. एकदा दिली की गाडी तू चालवत नाहीस, ती तारीख चालवते.

आता त्या पळवाटा. फोर्ट कॉलिन्सकडून हायवे २८७ ने लॅरमी गाठायचा बेत सोडून दे. तो वारा तिथेही आहे, आणि तो रस्ताही बंद होतो. शिवाय लॅरमीला पोहोचून करणार काय, पुढे आय-८० बंदच आहे. डेन्व्हरवरून आय-७० घेते म्हणालीस. तुझ्या कोरोलाला न्यू जर्सीचे ऑल-सीझन टायर आहेत आणि त्या रस्त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, पकड कमी होते. आणि "एखाद्या ट्रकच्या लाल दिव्यांमागे राहीन" हे तर पुन्हा बोलू नकोस. पांढऱ्या अंधारात ट्रक थांबला की तुला तो थांबलेला दिसतच नाही.

रागावतोय, कारण हे सगळं मी करून बसलोय.

१९९०च्या दशकातला जानेवारी होता. ह्यूस्टनहून क्लीव्हलंडला घर हलवत होतो. शेजारी काकू, मागे चार वर्षांची लेक, आणि गाडीत खिडक्यांपर्यंत सामान. नव्या ऑफिसला तारीख दिली होती, घरमालकाला दिली होती, आणि साताऱ्याला आईला सांगितलं होतं की संक्रांतीला नव्या घरच्या नंबरवर फोन कर. सिनसिनाटीत काकू म्हणाली, इथेच राहू या रात्री. मी म्हटलं, चार तासांचा तर प्रश्न आहे. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे आय-७१ वर एका पुलावर गाडी फिरली. पूल आधी गोठतो, त्याला खालूनही गार वारा लागतो. ह्यूस्टनच्या माणसाला हे कोण सांगणार? कडेच्या खड्ड्यात जाऊन थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. इंजिन सुरू ठेवलं, हीटर लावला, काचा घट्ट बंद केल्या आणि वाट बघत बसलो. तासाभरात दोघी गाढ झोपल्या. मला वाटलं, दमल्यात बिचाऱ्या. माझंही डोकं जड झालं होतं.

काचेवर थाप मारली ती बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने. आमच्याशी बोलायच्या आधी तो मागे गेला आणि गुडघ्यांवर बसून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ हातांनी उकरायला लागला. मग येऊन चारी दारं उघडली. त्या बंद नळीतून कार्बन मोनॉक्साइड आत येत होता. त्याला ना वास ना रंग. लेक जागी व्हायला वेळ लागला. किती, ते मी अजूनही लिहू शकत नाही.

त्या दिवसानंतर, एकदा सोडून, हिवाळ्यात मी कुणाला तारीख दिली नाही. लोक नावं ठेवतात. मित्रांच्या मुलांच्या मुंजी, गृहप्रवेश, बऱ्याच गोष्टी चुकल्या. एक सोडून कशाचंही वाईट वाटत नाही.

ते एक तुला सांगतो, कारण नियम मोडल्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. डिसेंबर २०२२. बफेलोला माझा कॉलेजचा मित्र शेवटच्या आजारात घरीच होता. क्लीव्हलंडहून आय-९० ने तीन तास. रजा २४ पासून होती म्हणून वहिनींना म्हटलं, २४ ला येतो. दिली तारीख! वादळ येतंय हे हवामान खातं त्याआधी कित्येक दिवस सांगत होतं. इरी सरोवर अजून उघडं, त्यावरून कडाक्याचा वारा निघाला की तो वाफ उचलतो आणि पूर्वेच्या काठावर बर्फ ओततो; तीस वर्षं इथे राहून मला हे पाठ आहे. २१ ला निघालो असतो तर कोरड्या रस्त्याने पोहोचलो असतो. पण डोक्यात २४ बसला होता. २३ ला वादळ आलं, हायवे बंद झाला, गाड्या चालवायलाच बंदी आली. मी निघालो नाही. त्या वादळात बफेलो भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही आपापल्या गाडीतच सापडली. मित्र २५ ला गेला. वहिनी नंतर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात."

निघालो नाही ते बरोबरच केलं. आजही तेच करीन. मी अडकलो असतो तर मला काढायला आणखी दोन माणसांना त्या बर्फात उतरावं लागलं असतं. चूक न जाण्यात नव्हती, "२४" म्हणण्यात होती. हे मी स्वतःलाही पुष्कळदा सांगितलंय.

आणि तुझ्या बाबतीतही मीच चुकलो. आमच्याकडून निघालीस तेव्हा डब्यांच्या थप्पीने मागची काच झाकली गेली होती ती मी बघितली, तुला खोकी खाली लावायला लावली. टायरचं विचारलं नाही. उलट विचारलं काय, तर "रविवारपर्यंत पोहोचशील ना?" काकू आतून ओरडली होती, आठवतंय? तिचं बरोबर होतं.

नोकरी आणि एच-वन व्हिसा एकाच दोरीला बांधलेले असतात, ती भीती मला माहीत आहे. मीही ती वर्षं काढली आहेत. म्हणून मेल आजच रात्री पाठव: आय-८० बंद आहे, मी शायनमध्ये आहे, रस्ता उघडल्यावर कळवते. तीन ओळी. त्यात मंगळवार किंवा बुधवार लिहू नकोस. त्यांनी विचारलं तरी सांगू नकोस.

खोली उद्याचीही आत्ताच घेऊन ठेव. रस्ता बंद झाला की ट्रकवाल्यांनी गाव भरतं, संध्याकाळी खोली मिळणार नाही. उद्या दिवसा टायरच्या दुकानात जा आणि चारही विंटर टायर बसवून घे. दोनच नकोत, चारही. पैसे मी पाठवतो, वाद घालू नकोस. टाकी भरून ठेव. रस्ता उघडला म्हणजे लगेच निघायचं नाही. अडकलेले सगळे ट्रक एकदम सुटतात, त्यांना दोन-तीन तास पुढे जाऊ दे. शायनहून लॅरमीला जाताना आय-८० चा सगळ्यात उंच माथा लागतो, ८,६४० फूट. तो उजेडात ओलांड. कुठे अडकलीसच तर गाडी सोडून चालत जाऊ नकोस. इंजिन थोडा वेळच चालव, आणि प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सर मोकळा कर.

आईला आज फोन करून सांग, रविवारचं रद्द. रागावली तर माझा नंबर दे.

निघालीस की कळव. कधी पोहोचशील ते मी विचारणार नाही. आणि काकूने दिलेले तिळाचे लाडू मागच्या सीटवर रजईखाली आहेत. रात्री गाडीत दगड होतील, खोलीत आणून ठेव.

काका