रॉकेटमधलं रॉकेल

प्रश्न असा आहे: 'इस्रोच्या सेमी-क्रायोजेनिक इंजिनात (म्हणजे अतिथंड द्रव ऑक्सिजन आणि साध्या तापमानाचं इंधन वापरणाऱ्या) केरोसीन जळतं, असं वाचलं. मराठीत तिथे "रॉकेल" लिहिलं तर लोक हसतील का? आणि रॉकेटमध्ये घालतात म्हणून रॉकेल, हे खरं का?'

दुसऱ्याचं आधी. खरं नाही. व्युत्पत्ती झकास आहे, पण काळ जुळत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्डने १९२६ साली द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं तेही पेट्रोलवर, आणि तोवर आपल्याकडच्या कितीतरी कंदिलांच्या काचा रॉकेलने काळ्या झालेल्या होत्या. शब्द आला 'रॉक ऑइल'वरून, म्हणजे खडकातलं तेल. शेवटचा 'एल' आपल्या 'तेला'शी यमक जुळवत बसला असावा, हा माझा तर्क. गंमत म्हणजे 'पेट्रोलियम'चा अर्थही तोच: लॅटिनमध्ये पेत्रा म्हणजे खडक, ओलेउम म्हणजे तेल. 'केरोसीन' मात्र ग्रीक मेणावरून आलं, आणि 'घासलेट' गॅसलाइटवरून आल्याचं सांगतात. 'रॉकेट'चं मूळ इटालियनमध्ये, सूतकताईच्या काठीच्या नावात आहे; आकारसाधर्म्य, बाकी काही नाही.

आता हसण्याचं. रॉकेल म्हटलं की रेशनची रांग, पत्र्याचा डबा आणि नरसाळं आठवतं, म्हणून संकोच वाटतो. पण चंद्राकडे माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ या अमेरिकी रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ७ लाख ७० हजार लिटर रॉकेलच होतं, आणि ते अडीच-पावणेतीन मिनिटांत संपायचं. अर्थात ते गाळून-निवडून घेतलेलं. का, हे ज्याने स्टोव्ह पेटवलाय त्याला लगेच कळेल. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि बारीक भोकातून ती सूं सूं करत बाहेर येते. त्याच भोकात काजळी धरली की ज्योत पिवळी पडते आणि पिन शोधावी लागते. रॉकेट इंजिनातही रॉकेल आधी ज्वलनकक्षाभोवतीच्या अरुंद नळ्यांतून फिरवतात, कक्ष थंड राहावा म्हणून. तिथे काजळी धरली तर पिन मारायला कोण जाणार? म्हणून गंधक आणि तापल्यावर काजळी धरणारे घटक आधीच कमी केलेले असतात. इस्रोने आपल्या अशा शुद्ध रॉकेलला 'इस्रोसीन' नाव दिलंय. तेव्हा 'शुद्ध केलेलं रॉकेल' असं बेधडक लिहा.

मला खरं खटकतं ते बातम्यांतलं 'द्रव ऑक्सिजन हे इंधन'. इंधन हा शब्द 'इन्ध्' म्हणजे पेटणे या धातूचा, समिधेच्या घराण्यातला. जे जळतं ते इंधन. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जाळतो. मोटारीचं इंजिन तो हवेतून ओढून घेतं, म्हणून टाकीत एकट्या पेट्रोलवर भागतं. रॉकेटला तो बरोबर न्यावा लागतो, आणि सॅटर्नच्या त्या टप्प्यात तर किलोभर रॉकेलमागे सव्वादोन किलोंहून जास्त. दोन्ही मिळून जे होतं त्याला परिभाषेत 'प्रणोदक' म्हणतात, पुढे ढकलणारं. शब्द अचूक आहे, पण चहाच्या टपरीवर उच्चारून पाहा. मी तरी 'रॉकेल आणि द्रव ऑक्सिजन' असंच लिहितो.